दुरुस्ती आणि रुजुवात

माहितीचे दप्तर सांभाळण्याच्या व्यवसायात उमेदीची बहुतेक वर्षे गेली, आणि ती सारी वडगाव, कामशेत, लोणावळा व तळेगाव या पट्ट्यातच गेली. तेव्हा या कामाविषयी जे काही ठामपणे सांगता येईल असे मला वाटते, ते एकदा लिहून ठेवावे असा विचार बरेच दिवस मनात होता. पतसंस्था, रुग्णालये, गुलाबाची हरितगृहे, चिक्कीचे कारखाने, घाटमाथ्यावरील हॉटेले अशा निरनिराळ्या आस्थापनांचे सर्व्हर माझ्याकडे असत. त्यांच्यावरील डेटाबेसची सॉफ्टवेअर पॅकेजे वेळोवेळी अद्ययावत करणे, त्यांतील दोष निघतील अशी तजवीज करणे आणि हे सारे करीत असताना आतील एकही नोंद इकडची तिकडे होऊ न देणे, हे माझे नित्याचे काम. ते नीट पार पडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत कोणाला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही, आणि बिघडले तर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचेच पैसे मिळत नाहीत. या दोन टोकांमध्ये या व्यवसायाची सारी जबाबदारी सामावलेली आहे.

मावळ हा तालुका मुळात सांभाळणाऱ्यांचा आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. भोर घाटातून आगगाडीचा रस्ता १८६३ साली खुला झाला, तेव्हापासून त्या चढावरचे रूळ, बोगदे आणि पावसाळ्यात सुटणाऱ्या दरडी यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी माणसे पिढ्यानपिढ्या या घाटमाथ्यावर राहिली. वळवण, शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली ज्या खोपोलीच्या वीजगृहात उतरते, ते १९१५ साली सुरू झाले आणि आजही त्याची निगा राखणारे हात येथे आहेत. लोणावळ्यातील आय. एन. एस. शिवाजी हे नौदलाचे अभियांत्रिकी शिक्षणाचे केंद्र १९४५ साली उभे राहिले. जहाजाचे इंजिन भर समुद्रात बंद पडू नये म्हणून काय काय करावे लागते, हे तेथे शिकवितात.

ज्यांच्यापासून मी या कामाची शिस्त घेतली ते गृहस्थ नौदलात इंजिनांवर आयुष्य घालवून लोणावळ्यातच स्थायिक झालेले होते, आणि निवृत्तीनंतर एका लहानशा रुग्णालयाचा कारभार पाहत होते. संगणकाची त्यांना विशेष माहिती नव्हती. परंतु त्यांच्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही असे, आणि जनित्रापासून सर्व्हरपर्यंत कोणत्याही यंत्राला कोणीही हात लावण्यापूर्वी त्या यंत्राची त्या वेळची स्थिती तीत लिहून घेतल्यावाचून ते परवानगी देत नसत. मी उत्साहाने नव्या आवृत्तीचे गुण सांगू लागलो की ते शांतपणे म्हणत, "काय बदलणार आहेस ते नंतर सांग. आधी काय आहे ते दाखव." मग मी लिहीत असे: डेटाबेसची चालू आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, डिस्कवरील मोकळी जागा, रुग्णांच्या तक्त्यातील नोंदींची संख्या, बिलांच्या रकमेची एकूण बेरीज. अद्ययावत करण्याचे काम संपले की त्याच पानावर, त्याच क्रमाने, नवे आकडे लिहावयाचे आणि दोन्ही रकाने त्यांच्यासमोर ठेवावयाचे. दोन्ही बेरजा जुळल्या की ते खाली सही करीत. ही पद्धत मी पुढे प्रत्येक ठिकाणी नेली, आणि तिच्याइतका उपयोग मला दुसऱ्या कोणत्याही साधनाचा झाला नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसशी माझा संबंध सर्वांत अधिक आला. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रकल्पातून तो जन्मला, आणि आज जगभर विखुरलेले स्वयंसेवक व व्यावसायिक मिळून तो सांभाळतात. दरवर्षी त्याची एक मोठी आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या पुरविल्या जातात. याशिवाय फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी केवळ दोषनिवारणासाठी लहान आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा त्यांचा रिवाज आहे. या दोन प्रकारांतील भेद संस्थाचालकांना समजावून सांगण्यात माझा पुष्कळ वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. लहान आवृत्तीत डिस्कवरील माहितीची मांडणी बदलत नाही: डेटाबेस थांबवावा, पॅकेज बदलावे, पुन्हा सुरू करावा, इतकेच, काही मिनिटांचे काम. मोठ्या आवृत्तीला मात्र सारे दप्तर नव्या मांडणीत न्यावे लागते, आणि त्याची तयारी कित्येक आठवडे आधीपासून करावी लागते. हा भेद ज्याला माहीत नाही तो लहान दुरुस्तीलाही मोठ्या स्थलांतराइतका भितो, आणि त्या भीतीपोटी दोन्ही लांबणीवर टाकतो.

"चालतंय ना व्यवस्थित? मग कशाला हात लावायचा?" हे वाक्य मी या तालुक्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत ऐकले. ते बोलणारी माणसे निष्काळजी नसतात. उलट पै-पैचा हिशेब ठेवणारी, जबाबदार अशीच असतात, आणि चालत्या गाडीला खीळ घालू नये हा त्यांचा अनुभव असतो. त्यांना मी २००३ सालची एक हकीकत सांगत असे. त्या वर्षी २५ जानेवारीला 'स्लॅमर' नावाचा अवघ्या ३७६ बाइटांचा एक किडा मायक्रोसॉफ्टच्या एस. क्यू. एल. सर्व्हर या डेटाबेसमधील एका छिद्रातून शिरून साऱ्या जगात पसरला. सुमारे ७५,००० यंत्रे त्याने ग्रासली आणि त्यांतील बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची पैसे देणारी यंत्रेदेखील त्या दिवशी अडली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते छिद्र बुजविणारी दुरुस्ती २००२ च्या जुलैतच उपलब्ध होती. सहा महिने ती सर्वांना मोफत मिळत होती, आणि त्या सहाही महिन्यांत ज्यांनी ती बसविली नाही त्यांचे काम व्यवस्थितच चालले होते. टाळलेली दुरुस्ती साचत राहते आणि आपण निवडली नसती अशा वेळी एकदम वसूल होते, हे मला यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगता आले नाही.

परंतु या व्यवसायाविषयीची माझी समजूत खऱ्या अर्थाने बदलली ती एका ग्रामीण पतसंस्थेतील प्रसंगाने. तेथील सर्व्हर पूर्वी दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली होता. त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम नवी बसविली होती, डेटाबेस सुरू झाला होता, पडदे उघडत होते, पावत्या निघत होत्या, आणि सर्वांनी काम फत्ते झाले असे मानले होते. काही दिवसांनी मला बोलावणे आले. खिडकीवरच्या कारकून बाई मला म्हणाल्या, "सर, सभासद समोर उभे आहेत, त्यांचं पासबुक हातात आहे, आणि मशीन म्हणतंय असा सभासदच नाही." त्यांनी क्रमांक टाकून दाखविला. त्या संस्थेत सभासद क्रमांक गावाचा आकडा, मध्ये एक आडवी रेघ आणि पुढे अनुक्रम अशा स्वरूपाचा होता. तो क्रमांक शोधला असता उत्तर येई 'नोंद आढळली नाही'. आणि सर्व सभासदांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत काढली असता त्याच यादीत ते गृहस्थ नाव, गाव व भागभांडवलासह हजर असत.

याचे कारण डेटाबेसच्या बाहेर होते. नोंद लवकर सापडावी म्हणून डेटाबेस क्रमवार सूची ठेवतो, तिला इंडेक्स म्हणतात, आणि अक्षरांचा क्रम कसा लावावा हे तो बहुधा ऑपरेटिंग सिस्टिममधील ग्लिब्सी या ग्रंथालयाला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती निघाली आणि तिने वर्णक्रमाचे नियम बदलले. जुन्या नियमांत आडवी रेघ प्रथमतः हिशेबात धरीत नसत, म्हणजे १-१ आणि ११ यांची तुलना होताना रेघ जणू नाहीच असे समजून क्रम लागे आणि ११ आधी येई; नव्या नियमांत रेघ मोजली जाऊ लागली आणि १-१ आधी येऊ लागले. सूची जुन्या क्रमाने लिहिलेली, शोध नव्या क्रमाने चाललेला. मग जेथे नोंद आहे त्या पानापर्यंत शोध पोहोचतच नसे. कोठेही त्रुटीचा संदेश नाही, यंत्र बंद पडलेले नाही, आणि तरीही दप्तर खोटे बोलत होते.

याहून गंभीर गोष्ट पुढे निघाली. 'सभासद आढळत नाही' असे दिसल्यावर काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी, सद्भावनेनेच, तोच क्रमांक घालून नोंद नव्याने केली होती. एक क्रमांक दोनदा येऊ न देण्याचा पहारा ज्या सूचीवर अवलंबून, तीच सूची आंधळी झालेली असल्यामुळे डेटाबेसने ती नोंद स्वीकारली. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या. भाग एकीकडे, कर्जाचा हप्ता दुसरीकडे. सूची नव्याने बांधण्याची आज्ञा दिली तर ती दुहेरी क्रमांकांपाशी अडून राही. तेव्हा सूचीचा आधार न घेता साऱ्या नोंदी वाचून दुहेरी क्रमांकांची यादी काढली, आणि कायद्याप्रमाणे सहकारी संस्थेला ठेवावे लागते ते सभासदांचे 'आय' नमुन्यातील रजिस्टर कपाटातून बाहेर आणविले. कारकून बाई एकेक ओळ वाचीत, मी पडद्यावरच्या दोन नोंदी समोर ठेवीत असे, आणि संस्थेचे सचिव कोणती खरी ते ठरवून समासात आद्याक्षरी करीत. सारे जुळल्यावरच सूच्या नव्याने बांधल्या. कागदी रजिस्टर टाकून द्यावे असा ठराव त्या संस्थेत त्यापूर्वी चर्चेला आला होता असे मला नंतर कळले. ते टिकले म्हणून त्या सभासदांची रुजुवात होऊ शकली.

त्या दिवसापर्यंत 'सर्व्हर सुरू झाला' हे काम संपल्याचे लक्षण मी मानीत असे. त्यानंतर कधी मानले नाही. पॅकेज बदलल्याने पुढचा दोष थांबतो, मागे झालेली हानी आपोआप भरून निघत नाही. तिचा शोध रुजुवातीनेच लागतो. याचा प्रत्यय २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा आला. पोस्टग्रेसच्या चौदाव्या आवृत्तीत, काम चालू असतानाच सूची बांधण्याच्या पद्धतीत एक दोष निघाला होता, ज्यामुळे काही नोंदी सूचीतून गुपचूप गळत. नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता १६ जून रोजी १४.४ ही दुरुस्त आवृत्ती काढण्यात आली. सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिले होते, की दुरुस्त आवृत्ती बसविल्यानंतर अशा रीतीने बांधलेल्या सूच्या पुन्हा बांधाव्या लागतील. ज्यांनी पॅकेज बदलले पण टिपा वाचल्या नाहीत, त्यांच्याकडे दोष गेलेला आणि नुकसान राहिलेले, अशी स्थिती असणार. म्हणून नव्या मुलांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की रिलीज नोट्स हे आपल्या कामातील मुख्य वाचन आहे. सूच्या शाबूत आहेत की नाहीत हे तपासणारे 'अॅमचेक' नावाचे साधन दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसबरोबरच मिळते. ते चालविण्याचा परिपाठ ठेवावा.

आता वेळेविषयी. काम केव्हा करावे या प्रश्नाने मला जितके थकविले तितके कोणत्याही तांत्रिक अडचणीने थकविले नाही. दुरुस्तीचे जे चार महिने, त्यांतील एकही मावळात मोकळा नाही. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात पवनमावळापासून तळेगावपर्यंतच्या हरितगृहांत गुलाबाचा हंगाम ऐन भरात असतो. मेमध्ये लोणावळ्या-खंडाळ्याची हॉटेले भरलेली. ऑगस्टमध्ये पाऊस, जो लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा उरू देत नाही. नोव्हेंबरमध्ये दिवाळीचे दिवस, चिक्कीच्या दुकानांतील गर्दी आणि इंद्रायणी भाताची कापणी. पतसंस्थांना मार्चअखेर. प्रत्येक जण म्हणतो, हंगाम जाऊ द्या; आणि एका हंगामाच्या पाठीवर दुसरा येतो.

एका गुलाब उत्पादकाच्या शीतगृहात उभे राहून मी हा प्रश्न पहिल्यांदा नीट समजून घेतला. मुली दांड्यांची लांबी पट्टीवर मोजून चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर अशी प्रतवारी करीत होत्या, वीस-वीस फुलांच्या जुड्या कागदात गुंडाळीत होत्या, आणि प्रत्येक खोक्याची नोंद डेटाबेसमध्ये जाऊन विमानतळाकडे निघणाऱ्या गाडीचा कागद तयार होत होता. मालक म्हणाले, "दादा, तुमचं मशीन दहा मिनिटं थांबेल, पण फूल थांबत नाही. कळी उमलली की तिचा भाव गेला." त्यांचे म्हणणे यथार्थ होते. आम्ही उभयतांनी बसून वर्षाचे वेळापत्रक आखले: जानेवारीच्या प्रारंभी नोव्हेंबरची दुरुस्ती बसवून घ्यावयाची, हंगामात गाडीत माल भरला जात असताना कशालाही हात लावावयाचा नाही, आणि फेब्रुवारीची दुरुस्ती शेवटची मोठी गाडी गेली की त्याच आठवड्यात, एका ठरलेल्या रात्री. बाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचू देणारे छिद्र जाहीर झाले तरच हा नियम मोडावयाचा, हेही लिहून ठेवले. तारीख कागदावर आली, दोघांच्या सह्या झाल्या, तेव्हापासून आमच्यात कधी वाद झाला नाही.

त्या वेळापत्रकाचे महत्त्व २०१९ मध्ये विशेष जाणवले. डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो आणि मग सवडीने मूळ तक्त्यांत उतरवितो. आपल्याकडे रोजकीर्दीवरून खतावणी करतात तसे. लिहिलेले डिस्कवर खरोखर उतरले का, हे तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. २०१८ साली असे उघडकीस आले, की डिस्कने एकदा नकार दिल्यावर डेटाबेसने पुन्हा विचारले, तर लिनक्ससारख्या सिस्टिमकडून प्रसंगी 'उतरले' असे उत्तर येते, मधली पाने प्रत्यक्षात हरवलेली असतानाही. पोस्टग्रेसने हा विश्वास वर्षानुवर्षे, जवळजवळ दोन दशके, बाळगला होता. १४ फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत तो काढून टाकण्यात आला. असा नकार मिळताच डेटाबेस आता स्वतःहून थांबतो आणि लॉगवरून सारे पुन्हा उभे करतो. पावसाळ्यात जेथे वीज दिवसातून अनेकदा जाते आणि दमट हवेने डिस्का लवकर थकतात, तेथे ही दुरुस्ती जूनपूर्वी बसणे किती आवश्यक होते, हे सांगावयास नको. जगातील अत्यंत कुशल माणसांच्या नजरेतूनही एखादा दोष इतका काळ निसटू शकतो, या जाणिवेने दुरुस्तीविषयीचा माझा आदर वाढला.

दिरंगाई वाईट म्हणून घाई चांगली, असे मात्र नाही. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी निघालेल्या पोस्टग्रेसच्या लहान आवृत्त्यांत एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्यामुळे काही पूरक पॅकेजे अडखळू लागली, आणि अवघ्या आठवड्यात, २१ नोव्हेंबरला, पुन्हा नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. ज्यांनी पहिल्याच रात्री मुख्य सर्व्हरला हात घातला त्यांना दोनदा काम करावे लागले. माझा नेम असा, की दुरुस्ती आली की ती त्याच दिवशी दुय्यम यंत्रावर, खऱ्या दप्तराच्या नकलेवर बसवावी. काही दिवस तेथे नेहमीची कामे करून पाहावीत. आणि मग ठरलेल्या तारखेला मुख्य यंत्राकडे जावे.

नकलेविषयीही हेच. बॅकअप घेतला या समाधानावर कोणी राहू नये. जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या जगप्रसिद्ध सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा असे आढळले, की रोज निघणारा बॅकअप मुळात निघतच नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि नक्कल काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे राहिल्यामुळे ते साधन दररोज नकार देत होते, आणि त्या नकाराची सूचना देणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. त्यांनी हा सारा वृत्तांत स्वतः प्रसिद्ध केला, ही त्यांची थोरवी. त्यामुळे आम्हा सर्वांना शिकता आले. तेव्हापासून पॅकेज अद्ययावत केले की त्याच रात्री नवी नक्कल काढावयाची, ती दुसऱ्या यंत्रावर उभी करावयाची आणि नोंदवहीतील बेरजा तिच्यावरूनही जुळवून पाहावयाच्या, हा माझा दंडक झाला. उभी करून पाहिलेली नक्कल हीच नक्कल.

आता हे काम मी हळूहळू तरुण हातांत सोपवीत आहे. कामशेत, तळेगावची मुले हुशार आहेत, आज्ञा माझ्यापेक्षा जलद लिहितात आणि पुष्कळसे काम आपोआप व्हावे अशी व्यवस्थाही करतात. संस्थाचालकांना माझी एकच विनंती आहे: वार्षिक सभेत जसा लेखापरीक्षक नेमण्याचा ठराव होतो, तसाच सर्व्हरच्या दुरुस्तीच्या तारखा व तिचा खर्च यांचा ठराव करावा, आणि तारीख आली की हंगामाची सबब पुढे न करता तो अमलात आणावा. मुलांना माझे सांगणे याहून थोडके आहे. ज्या सभासदाने आयुष्यभराची पुंजी तुमच्या दप्तरात ठेवली, त्याला पोस्टग्रेस म्हणजे काय हे कधी कळणार नाही आणि कळण्याची गरजही नाही. खिडकीवर आपला क्रमांक सांगितल्यावर आपले नाव निघावे, एवढाच त्याचा हक्क आहे. दुरुस्तीपूर्वीचे आकडे लिहा, दुरुस्तीनंतरचे लिहा, दोन्ही जुळेपर्यंत घरी जाऊ नका. तो हक्क शाबूत राहतो तो याच कामाने.